न तापणारा ओव्हन

(ट्रस्टच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



महोत्सव समितीने आम्हांस व्याख्यानाचा विषय विचारला तेव्हा आम्ही कागदावर "न तापणारा ओव्हन" असे लिहून दिले. समितीतील एका वडीलधाऱ्यांनी तो कागद परत पाठविला. खाली पेन्सिलीने लिहिले होते, "मास्तर, काही शैक्षणिक द्या." आम्ही त्यांस अदबीने कळविले की, विषय शैक्षणिकच आहे, आणि शिवाय त्यात ट्रस्टच्या पैशाचा प्रश्न आहे. दुसरे कारण त्यांस पटले असावे. कारण आज आम्ही आपणांपुढे उभे आहोत.

आपल्या पाकशाळेतील तो ओव्हन आपणांपैकी बहुतेकांनी पाहिला आहे. आखातात नोकरी करून परतलेल्या एका कुटुंबाने तो दिला, आणि नाव कोठेही छापू नये अशी अट घातली. परदेशी बनावटीचा, भिंतीतील कपाटात बसवावयाचा, काचेच्या दाराचा. बटणे नाहीत, काचेवर नुसते बोट ठेवावयाचे. त्याच्यावर अकरा भगिनींचा वर्ग चालतो. बन, टोस्ट, नानकटाई, केक असा माल निघतो. ईदच्या आधी पंधरा दिवस, दिवाळीच्या आधी आठ दिवस, आणि डिसेंबरात बीदरच्या ख्रिस्ती घरांतून केकच्या मागण्या येतात तेव्हा, त्या ओव्हनला उसंत नसते. त्या मिळकतीवर काही घरांची चूल चालते हे येथे वेगळे सांगावयास नको.

मागील पावसाळ्यानंतर तो तापेनासा झाला. आतील दिवा लागे, पंखा फिरे, काचेवर आकडे उमटत. पण आत ठेवलेले पीठ तासाभराने जसेच्या तसे बाहेर येई. दूरच्या शहरातून एक कारागीर बोलाविण्यात आला. त्याने मागचे झाकण न उघडताच "कार्ड गेले" असा निकाल दिला आणि नव्या कार्डाची जी किंमत सांगितली ती ऐकून खजिनदारांनी ती पुन्हा एकदा सांगावयास लावली. दरम्यान आमच्या भगिनी पीठाचे ट्रे डोक्यावर घेऊन गावातील भट्टीवर जाऊ लागल्या, ट्रेमागे भाडे देऊ लागल्या, आणि पहाटेच्या घाण्यानंतर भट्टी रिकामी होईपर्यंत दारात बसून राहू लागल्या. विश्वस्तांच्या बैठकीत दोन मते झाली. एक मत, कार्ड आणावे. दुसरे मत, ओव्हन मोडीत काढावा. लोकांच्या वर्गणीचा पैसा म्हणजे अमानत. तो कोणत्या मताने खर्च करावा हे ठरविण्यापूर्वी ओव्हनला नेमके झाले आहे काय, हे कोणीतरी पाहावयास हवे होते. आमचा विषय शास्त्र, म्हणून ते काम आमच्याकडे आले.

आता थोडे भट्टीविषयी. आमच्या या बीदर-कलबुर्गी भागात (आमच्या लहानपणी गुलबर्गाच म्हणत; कलबुर्गी हे सरकारी नाव २०१४ पासूनचे) बेकरीची विटांची भट्टी कोणी पाहिली नाही असे नाही. पोटात लाकूड जाळावयाचे, विटा तापल्या की निखारे बाजूस ओढावयाचे, ओल्या पोत्याने तळ पुसावयाचा, आणि साठलेल्या उष्णतेवर पाव भाजावयाचा. उस्ताद मूठभर पीठ तळावर टाकतो, ते किती वेळात तांबूस होते हे पाहतो आणि मग पाव आत सरकवितो. ही भट्टी तापली नाही तर कारण डोळ्यांना दिसते: लाकूड ओले आहे, धुराडे तुंबले आहे, दाराची वीट निखळली आहे. विजेच्या ओव्हनमध्येही कारणे याच जातीची असतात. इंधन येत नाही, वाट तुंबली आहे, किंवा उष्णता निसटते आहे. फरक इतकाच की ती डोळ्यांना दिसत नाहीत. न दिसणाऱ्या कारणाची भीती वाटते. भीती वाटली की माणूस एक तर हात लावीत नाही, नाही तर सगळेच बदलून टाकतो.

ओव्हनमध्ये उष्णता कशी होते ते दहावीच्या पुस्तकात आहे. तारेतून विजेचा प्रवाह गेला की तार तापते. किती तापते याचा नियम जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ साली मांडला. परंतु नियम सापडला म्हणून ओव्हन झाला नाही. लाल होईपर्यंत तापविलेली तार हवेत जळून तुटे. १९०६ साली अमेरिकेत अल्बर्ट मार्श याने निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूचे पेटंट घेतले. ही तार तापली की तिच्या अंगावर क्रोमियमच्या ऑक्साइडची पातळ साल धरते, आणि ती साल आतील धातूस जळू देत नाही. आज ओव्हनमध्ये जी काळसर नळी वळविलेली दिसते, जिला आमचे मिस्त्री कॉइल म्हणतात, तिच्या पोटात हीच तार असते. तार आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी भुकटी ठासून भरलेली असते. ही भुकटी उष्णता जाऊ देते पण वीज जाऊ देत नाही. या भुकटीचा एक खोड्याळ गुण आहे, तो पुढे येईल.

आम्ही आमच्या ओळखीच्या मिस्त्रींस बोलाविले. ते परवानाधारक आहेत. बोअरच्या मोटारी, कूलर, गिरणीचे स्टार्टर यांत त्यांचा हात बसलेला आहे. ओव्हन पाहून ते दोन पावले मागे सरले. "बाहर का माल है मास्टरसाब, हात नक्को लगाओ." आम्ही त्यांस विचारले, "उस्ताद, गिरणीची मोटार सुरू झाली नाही तर आपण प्रथम मोटार उघडता काय?" ते हसले. म्हणाले, प्रथम लाइन पाहतो. मग येथेही तसेच करू, असे आम्ही म्हटले, आणि बाहेरून आत जावयाचे ठरले.

बाहेर पाहावयाच्या गोष्टींना पैसा लागत नाही. भारी ओव्हनच्या बाबतीत तर निम्म्या तक्रारी येथेच मिटतात असा आमच्या मिस्त्रींचाही आता अनुभव आहे. पुष्कळ परदेशी ओव्हनांना अशी खोड असते की वीज जाऊन आली, घड्याळाचे आकडे शून्यावर लुकलुकू लागले, की घड्याळ पुन्हा लावीपर्यंत ते तापत नाहीत. जेथे वर्षातून एकदा वीज जाते तेथे ही खोड कोणाच्या ध्यानातही येत नाही. आमच्याकडे ती दिवसातून दोनदा ध्यानात येते. मुलांनी छेडू नये म्हणून असलेले कुलूप चुकून लागले तरी ओव्हन गप्प राहतो. तिसरी गोष्ट अधिक गमतीची. दुकानात मांडून ठेवावयाच्या ओव्हनमध्ये एक प्रदर्शनाची रीत घालून दिलेली असते. त्या रीतीत दिवा लागतो, पंखा फिरतो, आकडे नाचतात, फक्त उष्णता होत नाही, म्हणजे गिऱ्हाइकाने दार उघडून हात घातला तरी भाजावयाचे नाही. असा मांडणीतला ओव्हन घरी आला, किंवा कोणाचे बोट भलत्या ठिकाणी भलता वेळ राहिले, तर घरच्या ओव्हनमध्येही ही रीत चालू राहते, आणि कारागीर कार्ड बदलावयास सांगतो. सोबतचे पुस्तक उघडून पाहिले तर दोन मिनिटांचे काम. आमच्या ओव्हनचे पुस्तक कोठे होते? पाकशाळेच्या कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, न उघडलेले. त्यातील भाषा सहा आणि आपली त्यात एकही नाही, म्हणून कोणी उघडले नव्हते. परंतु चित्रांना भाषा लागत नाही, आणि इंग्रजी वाचणाऱ्या मुली वसतिगृहात तीस आहेत. नववीच्या दोघींनी ते एका संध्याकाळी वाचून मराठीत दोन पाने लिहून दिली. घड्याळ लावलेले होते, कुलूप नव्हते, प्रदर्शनाची रीत नव्हती. म्हणजे पुढे जाणे भाग होते.

नंतर लाइन. आपल्या घरांत वीज २३० व्होल्टची असावयाची. मीटर लावून पाहिले तर पाकशाळेच्या प्लगात २२६ होते, आणि शेजारचा गिझर लावल्यावरही २२१ राहिले. लाइन चांगली होती. येथे आळंद, औराद, भालकीकडील मंडळी बसली आहेत, त्यांच्यासाठी थोडे थांबतो, कारण लांब तारेच्या टोकाला असलेल्या गावात संध्याकाळी हा आकडा १८० वर उतरलेला आम्ही स्वतः पाहिला आहे. १८० म्हणजे २३० च्या सुमारे पाऊण हिस्सा. तेव्हा उष्णताही पाऊण मिळेल असे वाटते. तसे होत नाही. उष्णता व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १८० भागिले २३०, आणि त्याचा वर्ग केला तर उत्तर ०.६१ येते. म्हणजे २४०० वॅटची कॉइल १४७० वॅटचेच काम करते. त्यात ओव्हनच्या भिंती आणि दार यांतून उष्णता सारखी बाहेर जात असते, ती काही व्होल्ट पाहून कमी होत नाही. मग ओव्हन फार सावकाश आणि कसाबसा चढतो. नानकटाई होते, पाव होत नाही. अशा ओव्हनमध्ये बिघाड कोठेच नसतो. त्याचे काम पहाटे करावे, किंवा योग्य ताकदीचा स्टॅबिलायझर बसवावा. मात्र फ्रिजचा लहान स्टॅबिलायझर ओव्हनला लावू नये, तो जळेल.

तीन फेजवर चालणाऱ्या मोठ्या ओव्हनची कथा याहून निराळी. तेथे एक फेज गेली तरी दिवा आणि आकडे दुसऱ्या फेजवर सुखाने चालतात, आणि तापण्याचे काम अर्धेमुर्धे होते किंवा होतच नाही. मेन स्विचमधला एक फ्यूज, किंवा ट्रान्सफॉर्मरवरचा एक डीओ, इतकेच कारण असते. टेस्टरचा दिवा लागला म्हणजे सर्व ठीक असे समजणाऱ्यांस एवढेच सांगावयाचे की, न्यूट्रल तुटले असतानाही टेस्टर लागतोच.

आमचा ओव्हन एका फेजवरचा होता, लाइन चांगली होती, आणि तरीही तो तापत नव्हता. आता विचार करण्याची पाळी आली. त्या ओव्हनमध्ये तीन कॉइल आहेत: पंख्याभोवतीची २४०० वॅटची, तळची १२०० ची आणि वरची १००० ची. आम्ही एकेक करून तिन्ही चालवून पाहिल्या. एकही तापली नाही. मिस्त्री म्हणाले, तिन्ही कॉइल जळाल्या. आम्ही त्यांस वर्गातील गोष्ट सांगितली. एखाद्या दिवशी एक मुलगा गैरहजर असला तर त्याला ताप आला असेल असे आम्ही समजतो. एकाच गावाची सात मुले एकदम गैरहजर असली तर सातांना ताप आला असे आम्ही समजत नाही. त्या गावची बस आली नाही असे समजतो. तीन कॉइल एकाच दिवशी जळणे जवळजवळ अशक्य आहे. तिघींची जी एकच वाट आहे ती कोठेतरी तुटली असली पाहिजे. कार्डाविषयीही हाच विचार. कार्डावर प्रत्येक कॉइलचा वेगळा रिले असतो, आणि आम्ही जी कॉइल निवडू तिच्या रिलेचा "टक" असा आवाज नीट येत होता. कार्ड आपली आज्ञा देत होते. आज्ञा पोहोचत होती, वीज पोहोचत नव्हती.

आता ओव्हन उघडावयाचा. उघडण्यापूर्वी प्लग काढला आणि एमसीबीही पाडली, आणि ती कोणी भल्या बुद्धीने वर करू नये म्हणून तिच्याजवळ एका मुलीस उभे केले. ही गोष्ट आम्ही पुन्हा सांगणार आहोत. कपाटातून ओव्हन बाहेर ओढावयास चार माणसे लागली. मागचे झाकण काढले, आणि मिस्त्रींची भीती तेथेच अर्धी उतरली. कारण झाकणाच्या आतल्या अंगाला संपूर्ण तारांचा नकाशा चिकटविलेला होता. अशी यंत्रे पुष्कळदा आपला नकाशा आपल्याच पोटात बाळगतात. दूरचा कारागीर झाकण उघडता तर त्यालाही तो दिसता.

नकाशा वाचताना आम्हांस नौबादची आठवण झाली. बीदरजवळील नौबादला बहामनी काळातील करेझ आहे. आपले लोक तिला सुरंग बावडी म्हणतात. जमिनीखालून खोदलेला पाण्याचा बोगदा, आणि त्यावर ठराविक अंतराने उतरलेल्या विहिरीसारख्या उभ्या वाटा. ही विद्या इराणातून आली. पंधराव्या शतकातील हे काम. २०१० नंतरच्या वर्षांत त्यातील गाळ काढण्याचे प्रयत्न झाले तेव्हा आम्ही आमच्या मुलांस दाखवावयास नेले होते. पाणी खाली पोहोचत नाही म्हणून कोणी सगळा बोगदा उकरीत नाही. उगमाकडून निघावयाचे, एकेका विहिरीत डोकावयाचे. या विहिरीत पाणी आहे आणि पुढच्या विहिरीत नाही, तर गाळ या दोहोंच्या मध्ये आहे. ओव्हनचे तसेच.

प्रथम कॉइलकडे गेलो, कारण मिस्त्रींची शंका आधी फेडावयाची होती. कॉइलची एक तार सोडवून तिच्या दोन टोकांस मीटर लावला. किती ओहम यावयास हवे हे आधी कागदावर काढले होते: २३० चा वर्ग ५२९००, त्यास वॅटने भागावयाचे. २४०० च्या कॉइलला २२, १२०० च्या कॉइलला ४४, १००० च्या कॉइलला ५३. मीटरने २१, ४३ आणि ५२ दाखविले. थंड तारेचा रोध तापलेल्या तारेपेक्षा थोडा कमीच असतो. मिस्त्रींनी आमचा कागद पाहिला, मीटर पाहिला, आणि तो कागद घडी घालून खिशात ठेवला. तीस वर्षे वीज हाताळणाऱ्या माणसास हा भागाकार कोणी दाखविला नव्हता. आम्ही मात्र दर वर्षी तो फळ्यावर लिहितो आणि मुले तो परीक्षेपुरता पाठ करतात, याचे आम्हांस त्या क्षणी वाईट वाटले.

मग उष्णता मोजणारी काडी. अशा ओव्हनांत बहुधा प्लॅटिनमची काडी असते. शून्य अंशाला तिचा रोध १००० ओहम, आणि अंशागणिक सुमारे ३.९ ओहमने वाढत जातो. पाकशाळेत २६ अंश होते, म्हणजे ११०१ च्या जवळपास हवे. मीटरवर ११०० आले. ही काडी बिघडली तर कार्डाला वाटते की ओव्हन आधीच तापलेला आहे, आणि ते वीज सोडत नाही. येथे तसे नव्हते.

आता उगमाकडून. बाहेरची वीज जेथे शिरते त्या पट्टीपासून दिवा आणि कार्ड यांना एक वाट जाते, आणि कॉइलांना दुसरी. दुसऱ्या वाटेवर पहिलाच थांबा म्हणजे थर्मल कट-आउट, एक बोटभर चकती. ओव्हन मर्यादेबाहेर तापला तर ती वाट तोडते. तिच्या दोन टोकांस मीटर लावला, चकती साबूत. मग पट्टीपासून चकतीकडे येणारी तार. तिच्या एका टोकाला मीटरची एक सुई, दुसऱ्या टोकाच्या लगवर दुसरी सुई. मीटर गप्प. गाळ सापडला.

लगवरची बाही मागे सरकविली तेव्हा आत काळा कोळसा दिसला. तांब्याच्या बारीक तारा जळून लगपासून सुटल्या होत्या. असे का होते ते पाहण्यासारखे आहे. लग सैल झाला की त्या जागी थोडा रोध उत्पन्न होतो. समजा, अर्धा ओहम. कॉइलचा प्रवाह १०.४ अँपिअर. त्याचा वर्ग करून अर्ध्याने गुणले तर ५४ वॅट. सोल्डरिंगची साधी इस्त्री २५ वॅटची असते. येथे तशा दोन इस्त्र्या हरभऱ्याएवढ्या जागेत रोज चार तास जळत होत्या. तापल्याने लग अधिक सैल होतो, सैल झाल्याने अधिक तापतो. एक सावधगिरीची गोष्ट: लग पूर्ण जळण्यापूर्वी मीटर येथे फसवितो. मीटरचा प्रवाह नाममात्र असतो, तो कसाबसा पार होतो आणि मीटर "ठीक" म्हणतो. दहा अँपिअर त्या वाटेने जाऊ शकत नाहीत. म्हणून मीटरच्या बरोबर डोळेही वापरावे. काळवंडलेली बाही, निळसर पडलेला पितळी लग, जळका वास, ही साक्ष मीटरपेक्षा जुनी आहे.

मिस्त्रींचा हात सोल्डरकडे गेला होता. तेथे सोल्डर चालत नाही. कथील-शिशाचे नेहमीचे सोल्डर १८३ अंशांस वितळू लागते, आणि बिघडलेला सांधा त्याहून जास्त तापू शकतो. साधी प्लॅस्टिकची तारही चालत नाही. ती ७० अंशांसाठी केलेली असते. काचतंतूची बाही असलेली तार आणि उष्णता सोसणारा लग पाहिजे, आणि तो दाबयंत्राने घट्ट दाबून बसविला पाहिजे. हे सामान गिझर दुरुस्त करणाऱ्यांकडे मिळते. लग, हातभर तार आणि मिस्त्रींची मजुरी मिळून खर्च झाला तो आमच्या भगिनींच्या एका केकच्या किमतीइतका. मिस्त्री मजुरी घेत नव्हते. खजिनदारांनी पावती करून दिली.

परंतु लग मुळात का तापला, हा प्रश्न राहिलाच. झाकण काढले होते म्हणून उत्तरही समोरच होते. ओव्हनच्या माथ्यावर एक लहान पंखा असतो, तो आतील पंख्याहून वेगळा. तारा आणि कार्ड थंड ठेवणे हे त्याचे काम. त्यावर पीठ आणि तूप यांचा थर बसून त्याची पाती जाड झाली होती. शिवाय कपाटाच्या मागची जी फट हवा जाण्यासाठी ठेवलेली असते ती झुरळे येऊ नयेत म्हणून वर्तमानपत्रांनी बुजविण्यात आली होती. कोणी, ते विचारण्यात अर्थ नाही. कागद करड्या रंगाचे झाले होते. आणखी एखादा मोसम गेला असता तर आज आम्ही ओव्हनविषयी बोलत नसतो, आगीविषयी बोलत असतो. पंखा साफ केला, फटीला बारीक जाळी लावली.

ओव्हन परत बसवून सुरू केला, तेव्हा तो तापला; पण आकडा खरा की खोटा? पाकशाळेच्या प्रमुख आपांनी एक युक्ती केली, ती आम्हांस ठाऊक होती पण सुचली नव्हती. साखर १८६ अंशांच्या सुमारास वितळते. त्यांनी कागदाच्या दोन द्रोणांत चिमूट चिमूट साखर ठेवली. १८० अंशांवर पाव तास ठेवली, कणी तशीच राहिली. १९० वर ठेवली, विरघळून पाणी झाली. आकडा खरा. भट्टीचे उस्ताद पीठ टाकून पाहतात, आपांनी साखर टाकून पाहिली.

मॅग्नेशियम ऑक्साइडच्या भुकटीचा खोड्याळ गुण सांगावयाचा राहिला आहे. ती हवेतील ओल पिते. पावसाळ्यात ओव्हन दोन-तीन महिने बंद राहिला तर कॉइलच्या टोकांतून ओल आत शिरते, आणि पहिल्याच दिवशी ओव्हन लावताच घरातील गळती पकडणारा स्विच, जो ३० मिलिअँपिअरला पडतो, खाली येतो. लोकांस वाटते ओव्हन गेला. काही वेळा कॉइल खरोखरच फुटलेली असते, पण पुष्कळदा केवळ ओल असते. मिस्त्री कॉइल सोडवून उबेत वाळवितो आणि ती पुन्हा चालते. यावर कोणी कोणी तो स्विचच काढून टाकतात, किंवा अर्थिंगची तार सोडून देतात. आम्ही हात जोडून सांगतो, असे करू नका. तो स्विच पडतो म्हणून माणूस उभा राहतो. पावसाळ्यात महिन्यातून दोनदा अर्धा तास ओव्हन रिकामा तापवावा, म्हणजे हा प्रसंगच येत नाही.

घरी आमचे व्याख्यान ऐकून कोणी झाकण उघडावयास बसू नये. घड्याळ, कुलूप, प्रदर्शनाची रीत, एमसीबी, मागची फट, दाराचे रबर, इतके ज्याचे त्याने पाहावे. झाकणाच्या आतले काम मिस्त्रीचे, तेही प्लग काढून आणि एमसीबी पाडून. मात्र मिस्त्रीस किंवा कारागिरास तीन प्रश्न अवश्य विचारावे: कॉइलचे ओहम किती आले, प्लगात चालू कामाच्या वेळी व्होल्ट किती होते, आणि कार्ड गेले हे कशावरून? जो मोजून बोलतो तो या प्रश्नांवर रागावत नाही.

विश्वस्तांनी कार्डासाठी राखून ठेवलेली रक्कम तशीच आहे. तिच्यातून काय करावे यावर पुढील बैठकीत चर्चा आहे. एक चांगला मीटर, एक दाबयंत्र आणि काचतंतूची तार एवढे सामान पाकशाळेस व एवढेच आमच्या प्रयोगशाळेस घ्यावे, असा अर्ज आम्ही दिला आहे. आणि मिस्त्रींनी महिन्यातून एक शनिवार मोठ्या मुलांमुलींस शिकवावयाचे कबूल केले आहे. त्यांची अट एकच: तो भागाकार त्यांच्या मुलासही शिकवावयाचा.

आमचा जुना मीटर या टेबलावर ठेवला आहे, आणि शेजारी तो जळका लगही. चहा होईपर्यंत ज्यांस हातात घेऊन पाहावयाचा असेल त्यांनी पाहावा. लगला हात लावल्यास बोट काळे होईल, तेवढे सांभाळावे.